कलम अकरा

३ जून

ताई,

झालं एकदाचं! आज दुपारी सव्वातीनला आपलं विधेयक मंजूर झालं. 'आपलं' म्हणतोय म्हणून हसू नकोस. सभागृहात हात वर करणारे वेगळे असतात, पण सैनिक-पाल्य शाळा कायद्यातला शब्दन् शब्द आमच्या मसुदा विभागाच्या तिसऱ्या मजल्यावर, एका गरगरणाऱ्या आणि एका बंद पंख्याखाली बसून मी जुळवलाय. दीड वर्ष गेलं त्यात. तुझी वहिनी म्हणते, एवढं लक्ष माझ्याकडे दिलं असतं तर मी सभागृहात भाषण केलं असतं.

आता बापाची बदली झाली की नव्या छावणीतल्या शाळेने दोन दिवसांत पोराला वर्गात बसवायचं. दाखला नाही, गुणपत्रक नाही, असली कारणं सांगायची नाहीत. सगळ्या छावण्यांत एकच पुस्तकं. तुला आठवतं ना, नऊ वर्षांत आपण सात शाळा फिरलो. इतिहासाचं पहिलं प्रकरण मी तीनदा वाचलं आणि शेवटी लढाई कोण जिंकलं ते आजतागायत मला माहीत नाही. माझं एक वर्ष गेलं ते तर केवळ एका शिक्क्यापायी. मसुदा लिहिताना तो वर्गाबाहेरच्या बाकावर बसलेला मीच डोळ्यांसमोर होतो.

राजपत्र संध्याकाळीच छापून निघालं, त्याची प्रत सोबत आहे. मुख्याध्यापिका म्हणून तुला ती तशीही येईल, पण ही माझ्या सहीची. जपून ठेव.

तुझा
ठोंब्या

———

२२ जून

ठोंब्या,

तुझ्या कायद्याचं पहिलं फळ परवा माझ्या टेबलासमोर उभं राहिलं. नऊ वर्षांची मुलगी, हातात एक पिशवी, बाकी कागद म्हणशील तर चिटोरंही नाही. बाप तोफखान्यात सार्जंट, आठवड्यापूर्वी इथे बदलून आलाय. मागच्या वर्षी असती तर दोन महिने घरी बसली असती. मी राजपत्र उघडलं, कलम चार वाचलं आणि तिला हाताला धरून चौथीच्या वर्गात नेऊन बसवलं. तुझी आठवण आली रे. शाबास.

ही मुलगी बाकावर टिकत नाही. मधल्या सुट्टीत पटांगणाच्या मध्यभागी जाऊन दोन्ही हात पसरून गरगर फिरते, चक्कर येऊन पडेपर्यंत. पोरांनी तिचं नाव भिंगरी ठेवलंय. फाटकावरच्या आमच्या शिट्टीकाकांना ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "तुम्ही लंगडता ते खोटं खोटं की खरं?" काका म्हणाले, "लढाईत खरं, जेवायला बोलावलं की खोटं." तेव्हापासून दोघांची गट्टी आहे.

आता कामाचं. मी राजपत्र चारनंतरही वाचलं. कलम अकरा, पोटकलम दोन. पोराच्या अंगावर मारहाणीच्या खुणा दिसल्या तर शाळेने ती बाब चोवीस तासांत फक्त बापाच्या तुकडीच्या कमांडरला लेखी कळवायची. त्याच्या परवानगीशिवाय पोलीस, बालरक्षण अधिकारी किंवा बाहेरच्या कोणालाही सांगायचं नाही. सांगितलं तर नोकरी जाणार, वर सहा महिने कैद. आजवर मी सरळ शहरातल्या बालरक्षण अधिकाऱ्यांना फोन करत होते. सव्वीस वर्षांत अकरा वेळा केला. अकराही वेळा गरज होती.

शब्दन् शब्द तुझा म्हणालास. हाही तुझाच का?

ताई

———

१ जुलै

ताई,

अकरावं कलम सैन्यखात्याकडून तयार होऊन आलं. आम्ही फक्त स्वल्पविराम सरळ केले. तेव्हा माझ्यावर डोळे वटारू नकोस.

पण मनापासून सांगू? मला ते फारसं चुकीचं वाटत नाही. सैनिक सहा सहा महिने गोळ्यांपुढे उभा राहून घरी येतो. त्याचं डोकं फिरलं, हात उठला, तर लगेच पोलिसाची गाडी दारात आणून त्याची अब्रू चव्हाट्यावर मांडायची का? नोकरी गेली तर त्याच पोरांनी जायचं कुठे? त्यापेक्षा ज्याचा तो हुकूम पाळतो त्या माणसाने चार शब्द ऐकवलेले बरे.

आणि हे आपल्याच घरात घडलंय. मी सात वर्षांचा होतो. बाबांचा हात तेव्हा सैल होता. शेजारच्या काकूंनी कमांडरसाहेबांच्या कानावर घातलं. ते घरी आले, वेताच्या खुर्चीत बसून आईने दिलेला चहा प्यायले, बाबांना व्हरांड्यात नेऊन पाच मिनिटं बोलले आणि गेले. त्यानंतर आपल्या घरात आवाज म्हणून झाला नाही. बाबांची नोकरी राहिली, आपण शिकलो. ना कोर्ट, ना कचेरी.

उगाच काळजी करू नकोस. भिंगरीला माझ्याकडून एक गोळी दे.

ठोंब्या

———

२४ ऑगस्ट

ठोंब्या,

तुझी गोळी मी दिली होती. आता ऐक.

६ तारखेला भिंगरी उजवा हात पोटाशी धरून वर्गात आली. दोन बोटं काळीनिळी, मुळापासून वाकडी. "दार लागलं," म्हणाली. दार लागलं तर बोटं चेपतात, उलटी वळत नाहीत. नर्सने तिला आतल्या खोलीत नेलं आणि पाच मिनिटांनी मला हाक मारली. पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे ठसे होते. ताजे लाल, त्याखाली पिवळे, त्याखाली पांढरे पडलेले. झाडाच्या खोडात वर्षं मोजतात तशी त्या पाठीवर मोजता आली असती.

मी कायद्याने गेले. त्याच दुपारी कमांडरला लेखी कळवलं, नर्सचा अहवाल जोडला. कमांडर वाईट माणूस नाही. त्याने दुसऱ्या दिवशी सार्जंटला बोलावून समज दिली. पण समज देताना काय केलं ठाऊक आहे? माझं पत्र त्याच्या हातात वाचायला दिलं. "बघा, तुमच्याबद्दल काय काय लिहून येतंय."

भिंगरी चार दिवस आली नाही. आली तेव्हा डोक्यावर केस नव्हते. वस्तऱ्याने कापले होते आणि वस्तरा दोन ठिकाणी कातडीत गेला होता. डाव्या कानाची पाळी फाटून तिला टाके पडले होते. मी विचारलं, "कोणी केलं?" तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मधल्या सुट्टीत ती फिरली नाही. शिट्टीकाकांनी आपली शिट्टी तिच्या हातात दिली, तीही तिने वाजवली नाही, नुसती मुठीत धरून बसली.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. दारातच उभी राहिली. ओठ सुजलेला, बोलताना हाताने झाकत होती. म्हणाली, "बाई, तुमच्या पाया पडते, परत लिहू नका. तुम्ही लिहिलंत त्याच्या प्रत्येक ओळीचा हिशेब त्याने आमच्याकडून वसूल केला."

चोरालाच खबर पोचवायचं माझ्या कपाळी लिहिलंय, ते कोणाच्या पेनाने? तुझ्या त्या खात्यातल्या माणसाचं नाव मला हवंय. मी त्याला या पोरीचा फोटो पाठवते.

ताई

———

३० ऑगस्ट

ताई,

पत्र वाचून जेवण गेलं नाही.

तरी हात जोडून सांगतो, नियम सोडू नकोस. दुसऱ्यांदा लिही, या वेळी कमांडरच्या वरच्या कचेरीलाही प्रत लाव, पोटकलम तीनप्रमाणे ते चालतं. पत्र सार्जंटला दाखवू नये अशी विनंती ठळक अक्षरात कर. पण बाहेर फोन करू नकोस. शिक्षेची तरतूद नुसती दाखवायला नाही, पहिल्या वर्षी दोन-चार जणांवर ती चालवून दाखवायचीच असं वर ठरलंय. मला कळतं ते तुला सांगतोय.

नावाचं म्हणशील तर अशा गोष्टींना एकाचं नाव नसतं.

ठोंब्या

———

१९ ऑक्टोबर

ठोंब्या,

डाव्या हाताने, सुजल्या बोटांनी लिहितेय, अक्षर पहिलीतलं समज. जबडा तारेने बांधलाय, त्यामुळे आयुष्यात प्रथमच मी गप्प आहे. तू दोन दिवस माझ्या खाटेजवळ बसून "काय झालं गं, कसं झालं गं" करत होतास आणि मला सांगता येत नव्हतं. आता रोज थोडं थोडं करून लिहिलंय.

तू सांगितलंस तसं दुसरं पत्र मी पाठवलं होतं. ठळक अक्षरांसकट. त्याचं उत्तर आलंच नाही.

४ तारखेला सकाळी दहाच्या सुमारास भिंगरी अनवाणी धावत शाळेत आली. दप्तर नाही, गणवेश नाही. फ्रॉकवर रक्त होतं, तिचं नव्हतं. म्हणाली, "आई उठत नाही." मी नर्सला त्यांच्या घरी पिटाळलं. आई जिवंत होती. चार बरगड्या मोडलेल्या, बुटाने. नर्सने तिला छावणीच्या दवाखान्यात पोचवलं.

मी भिंगरीला प्रयोगशाळेत बसवलं आणि शहरात फोन लावला. हो, लावला. अधिकारी बाई जुन्या ओळखीच्या. त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "मॅडम, हात बांधलेत. कमांडरची सही आणा, मी पुढच्या मिनिटाला निघते." मी कमांडरच्या कचेरीत फोन केला. साहेब सरावाच्या मैदानावर होते.

अकरा वीसला सार्जंट फाटकाशी आला. दवाखान्यातून त्याला कोणीतरी कळवलं होतं. शिट्टीकाकांनी फाटक लावून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, शाळा चालू आहे. दुपारी या." एवढंच बोलले बिचारे. त्याने फाटकावरून उडी टाकली आणि काकांच्या तोंडावर ठोसा मारला. ते मागे कोसळले, डोकं दगडी खांबावर आपटलं. मी व्हरांड्यातून पाहिलं. पडल्यावर त्यांचा लंगडा पाय दोन-तीनदा हलला, मग थांबला.

मी प्रयोगशाळेच्या दाराला बाहेरून कडी घालून दारात उभी राहिले. तो सावकाश चालत आला. धापही नव्हती.

"माझी पोर माझ्या हवाली करा."

"नाही."

"बाई, बाजूला व्हा. तुमची लिहायची हौस मी दोनदा सहन केली."

"वर्ग चालू आहेत, सार्जंट. आवाज हळू."

का असं म्हणाले देव जाणे. सव्वीस वर्षांची सवय. त्याने भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं उपसलं आणि मारलं. पहिला घाव मी उजव्या हातावर झेलला. हाड मोडल्याचा आवाज आधी ऐकू आला, दुखलं नंतर. दुसरा जबड्यावर. मी खाली बसले, पण कडीवरचा डावा हात सोडला नाही. मग त्याने त्या हाताच्या बोटांवर बूट ठेवला आणि माझे केस धरून डोकं दारावर आपटायला सुरुवात केली. आतून भिंगरी ओरडत होती, "मी येते, मी येते, बाईंना सोडा!" ती आतून दार ढकलत होती आणि मी बाहेरून धरून होते. त्यातलं तेवढं मी विसरू शकत नाही.

तेवढ्यात सातवीचा वर्ग बाहेर आला. चाळीस पोरं. एकीने घंटेचा हातोडा हातात घेतला आणि घंटा बडवत सुटली, थांबेचना. बाकीची आली आणि माझ्याभोवती, दारासमोर, मांडीला मांडी लावून जमिनीवर बसली. एकमेकांच्या कोपरांत हात अडकवले. मी पडल्या पडल्या त्यांना "आत जा" म्हणत होते, पण तोंडातून नुसतं रक्त येत होतं. त्याने नळकांडं डोक्यावर उचललं. पहिल्या रांगेतली एक मुलगी त्याच्याकडे बघून म्हणाली, "काका, मी तुमच्या गाडीच्या ड्रायव्हरची मुलगी."

तो तसाच उभा राहिला. मग नळकांडं खाली ठेवलं, भिंतीला टेकून बसला आणि सैनिकी पोलीस येईपर्यंत हलला नाही.

ठोंब्या, ती दुसऱ्यांची पोरं होती म्हणून त्याचा हात थांबला. म्हणजे तो हात थांबवता येत होता. माझ्या दोन्ही मोडलेल्या हाडांपेक्षा मला हे जास्त दुखतंय.

शिट्टीकाका तिसऱ्या दिवशी गेले. शुद्धीवर आलेच नाहीत. तू होतास तेव्हा तुला कोणी सांगितलं नाही, मलाही नंतर कळलं.

काल कमांडर येऊन गेला. टोपी हातात घेऊन उभा होता, डोळे लाल. म्हणाला, अंतर्गत चौकशी चालू आहे, सार्जंट तुकडीच्या ताब्यात आहे, बहुधा मानसिक ताणाचं प्रकरण धरून बदली होईल. मग खिशातून पाकीट काढून माझ्या उशीशी ठेवलं. कलम अकराची नोटीस. मी बाहेर फोन केला म्हणून.

ताई

———

२५ ऑक्टोबर

ताई,

कलम अकरा मी लिहिलं.

खात्याकडून फक्त एका ओळीचा निरोप आला होता, 'जवानांच्या घरगुती बाबींबाबत योग्य ती काळजी घ्यावी.' त्याचं काय करायचं ते माझ्यावर सोपवलेलं होतं. मी दोन पर्यायांचा विचारसुद्धा केला नाही. जेवणाच्या सुट्टीआधी अर्ध्या तासात लिहून मोकळा झालो. कमांडर, चोवीस तास, परवानगी, कैद, सगळं माझं. वरच्यांनी वाचून पाठ थोपटली. शिक्षेची कल्पना तर मीच घातली, कलमाला दात हवेत म्हणून.

तुझ्याशी दोनदा खोटं बोललो. तुझ्या खाटेजवळ दोन दिवस बसून तुझ्या बोटांवरच्या बुटाच्या खुणा बघत होतो आणि मला तोंड उघडता आलं नाही. बांधलेला जबडा तुझा होता आणि मुका मी झालो होतो.

का लिहिलं तेही सांगतो. बचाव म्हणून नाही. मी लिहीत होतो तेव्हा ती वेताची खुर्ची आणि तो चहा डोळ्यांसमोर होता. मला खरंच वाटलं की असं होतं. एक शहाणा माणूस येतो, पाच मिनिटं बोलतो आणि घर शांत होतं. मी ते पाहिलं होतं ना!

माझं तोंड बघू नकोस म्हणालीस तर मी समजेन.

ठोंब्या

———

२ नोव्हेंबर

ठोंब्या,

तुझं पत्र वाचून मी ते फाडलं. मग नर्सकडून चिकटवून घेतलं, कारण उत्तर द्यायला समोर हवं होतं.

तू काय पाहिलंस ते मी सांगते. मी तेव्हा तेरा वर्षांची होते.

कमांडरसाहेब गेल्यावर बाबांनी दार लावलं आणि आईला म्हणाले, "शेजारी आवाज जातो काय?" त्या दिवसापासून ते आईच्या तोंडात टॉवेल कोंबायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ही तुझ्या लेखी नुसती म्हण असेल, आपल्या घरातली ती रीत होती. दुपारी शाळा सुटली की मी तुला रोज पाण्याच्या टाकीपाशी खेळायला न्यायचे. तुला वाटायचं ताईला खेळायचं वेड आहे. मला खेळायचा कंटाळा यायचा रे. बाबा कामावरून येऊन त्यांचं आटपेपर्यंत तुला घराबाहेर ठेवायचं असं आईचं आणि माझं ठरलं होतं. घरी परतल्यावर आई हसून ताट वाढायची, दात पडलेल्या जागी जीभ लावून. "जिन्यावरून घसरले," म्हणायची. आपल्या घराला जिना नव्हता. तू कधी विचारलं नाहीस आणि आम्हाला बरंच वाटलं.

तू सुट्टीला मामाकडे जायचास ना, तेव्हा माझी पाळी असे.

म्हणजे तुझ्या कायद्याखाली जी शांतता आहे ती आई आणि मी आमच्या हाताने तुला करून दिलेली. एक तरी पोर सुखात वाढावं म्हणून. ते वाढलं, शिकलं, आणि त्याने हीच शांतता सगळ्या छावण्यांना सक्तीची केली. मी रागावू तरी कोणावर?

रागावलेली आहेच. पण तोंड बघायचं नाही असलं काही मी म्हणणार नाही. तुझं तोंड मला हवंय. ते उघड.

ताई

———

१५ जानेवारी

ताई,

उघडलं.

आधी विभागप्रमुखांकडे गेलो. म्हणालो, कलम अकरा चुकलंय, लिहिणारा मी, मला समितीपुढे सांगू द्या. ते म्हणाले, "मसुदा लिहिणारा बोलत नसतो. बोलायला सभासद असतात." मग मी विरोधी बाजूच्या एका सभासद बाईंना पत्र लिहिलं, माझ्या हस्ताक्षरातला पहिला मसुदा जोडून. तिसऱ्या दिवशी मला निलंबित केलं. पंख्याखालची खुर्ची गेली. तुझी वहिनी म्हणाली, "बरं झालं, आता माझ्याकडे लक्ष दे," आणि आत जाऊन रडली.

समितीने मला ९ तारखेला बोलावलं. लांब टेबल, सतरा माणसं, निम्म्यांच्या छातीवर पदकं. तुझं १९ ऑक्टोबरचं पत्र मी वाचून दाखवलं, एक शब्द न गाळता. नळकांड्यापर्यंत आलो तेव्हा कोणीतरी "पुरे" म्हणालं. मी थांबलो नाही.

अध्यक्ष एक निवृत्त सेनापती. ते म्हणाले, "एका माथेफिरू माणसासाठी तुम्ही सगळ्या सैन्याच्या घरात पोलीस घुसवणार?"

मी म्हणालो, "साहेब, तो माथेफिरू नव्हता. चाळीस पोरांसमोर तो थांबला. त्याला कुठे मारायचं आणि कुठे नाही हे नीट कळत होतं. माझ्या कलमाने त्याला एवढंच कळवलं की घरात चालेल."

"तुम्ही सैनिक होता का कधी?"

"नाही. सैनिकाचा मुलगा आहे." आणि मग, ताई, मी आपल्या घरातलं सगळं सांगितलं. खुर्ची, चहा, टॉवेल, आईचा पाडलेला दात, पाण्याची टाकी. तुला न विचारता. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस आणि मी ऐकलं असतं. बाबांचं नाव आता त्या नोंदींत कायमचं गेलंय. घरचं असं बाहेर काढलं म्हणून मामाने फोन करून शिव्या दिल्या.

सेनापतींनी चष्मा काढून पुसला. मग टिपणी घेणाऱ्याला म्हणाले, "हे सगळं लिहून घ्या."

मतदान पुढच्या महिन्यात. छापील नोंदी सोबत पाठवतोय. अठ्ठेचाळीस पानं आहेत, माझी तेवीस ते एकोणतीस.

ठोंब्या

———

२७ फेब्रुवारी

ठोंब्या,

दुरुस्ती मंजूर झाल्याचं आम्ही शिक्षकांच्या खोलीत रेडिओवर ऐकलं. नऊ विरुद्ध आठ समितीत, पण सभागृहात चांगल्या फरकाने. शाळेने आता सरळ बालरक्षण अधिकाऱ्यांना कळवायचं, कमांडरला नंतर. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नर्स उठली आणि तिने फोनशेजारी शहरातला नंबर लिहून चिकटवला, बस.

माझी नोटीस मागे घेतली. सार्जंटला तुकडीने मुलकी तुरुंगाच्या ताब्यात दिलंय. शिट्टीकाकांच्या मृत्यूचा खटला शहरातल्या कोर्टात उभा राहिला. मी मागच्या मंगळवारी साक्ष दिली. पिंजऱ्यात तो दाढी करून, नीटनेटका बसला होता. मला बघून उठून उभा राहिला, जसे पालक बाईंसमोर उभे राहतात. मी कठडा घट्ट धरला. साक्ष मात्र पुरी दिली.

भिंगरी आणि तिची आई दूरच्या गावी मावशीकडे गेल्या. तिथल्या छावणीच्या शाळेने तिला दुसऱ्या दिवशी वर्गात घेतलं, कागद न मागता. तुझं कलम चार तेवढं चांगलं आहे, त्याला कोणी हात लावलेला नाही. तिच्या आईचं पत्र आलंय. भिंगरी बोलते म्हणे, पण दाराला कडी लावली की ओरडते. म्हणून मावशीच्या घरातल्या सगळ्या कड्या काढून टाकल्यात. फाटकावर नवा माणूस आलाय. चांगला आहे. मी अजून त्याच्याकडे नीट बघत नाही.

माझा हात खांद्याच्या वर जात नाही. फळ्याच्या खालच्या अर्ध्यात लिहिते. मागच्या बाकावरच्यांना दिसत नाही म्हणून त्यांची चंगळ आहे.

तुझ्या निलंबनाचं काय होतंय ते कळव. काही नाही झालं तर इकडे ये. आमच्याकडे इतिहासाला शिक्षक नाही, तुलाही लढाई कोण जिंकलं ते एकदाचं कळेल.

नोंदी वाचल्या. तेवीस ते एकोणतीस तर चार वेळा. पहिल्यांदा वाटलं, आईला हे आवडलं नसतं. माझा संतापही झाला, माझ्या आयुष्यातली चाळीस वर्षं झाकलेली गोष्ट सतरा परक्या माणसांपुढे मांडलीस म्हणून. मग मी पेन्सिल घेऊन बसले. तू सांगितलंस ते सगळं बरोबर आहे. फक्त सव्विसाव्या पानावर चूक आहे. तू 'आईचा दात' म्हणालास. दोन होते. खालचे, समोरचे. एक तू सांगितलंस त्या श्रावणात नव्हे, ज्या वर्षी तुझं वर्ष गेलं त्या वर्षी, आणि दुसरा त्यानंतर चार महिन्यांनी.

समितीला कळवून दुरुस्त करून घे.

ताई